घाड्याकडे जाणाऱ्या आपल्या माणसाला डॉक्टरकडे कसं न्यायचं

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी मला फोन करून एकच विचारलं, तुझ्या सासूबाई बऱ्या कशा झाल्या, कुठला देव लागला, कुठलं औषध लागलं. प्रत्येकीला अर्धा तास सांगत बसले आणि तरी काहीतरी राहूनच गेलं, म्हणून आता सगळं एकदा लिहून काढते. सासूबाईंना डिप्रेशन होतं, आणि आम्ही त्यांना आधी घाड्याकडे, म्हणजे गावात देवाचं आणि बाहेरचं बघणाऱ्याकडे, नेलं होतं. मी डॉक्टर नाही. गोव्यात डिचोली तालुक्यात राहते, घरात हे भोगलंय, आणि त्यानंतर जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं ते सांगते.

आमच्याकडे सुरुवात खाणी बंद झाल्यावर झाली. 16 मार्च 2018 पासून खाणी थांबल्या, भावोजींचा खाणीवर चालणारा ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच, बँकेचा हप्ता काही थांबेना. पण आजारी भावोजी नाही पडले, आई पडल्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आधी फक्त डोकं भणभणतं म्हणायच्या. मग पाठ, मग पोटात गोळा, पहाटे तीनला जाग येऊन बसून राहायच्या. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों वाजला की वर्षानुवर्षं त्याच पुढे जाऊन पाव घ्यायच्या, कडक कोणाला, मऊ कोणाला हे सगळं त्यांच्या तोंडपाठ. एक दिवस पोदेर दारात येऊन वाजवून वाजवून निघून गेला आणि आई तिथेच खांबाला टेकून बसलेल्या, ऐकू येऊनसुद्धा उठल्या नाहीत. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

घरात सगळ्यांनी ठरवलं, बाहेरचं काहीतरी आहे. एका घाड्याकडे नेलं. त्याने पाटावर तांदूळ मांडले, बोटाने दोन दोन करून बाजूला सरकवले आणि म्हणाला, घरात बाहेरून आलेल्या बाईने केलंय. बाहेरून आलेली बाई म्हणजे सून, म्हणजे मी. पुढचे चार महिने आई माझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या, नवरा मधल्या मध्ये. त्या घाड्याचं नाव मी घेणार नाही, त्याने काय मुद्दाम केलं असं पण म्हणत नाही. पण लक्षात घ्या की डिप्रेशनमधल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती घरातल्या माणसांची, आणि करणी कोणी केली हे एकदा कोणाकडे बोट दाखवून सांगितलं की तीच माणसं तुटतात. म्हणून कुठेही गेलात तरी पहिली अट ही घाला, की 'कोणी केलं' ते आम्हाला सांगू नका, बरं कसं व्हायचं तेवढं सांगा. हे स्पष्ट बोलता येतं, मी नंतर बोलले आहे.

आता मुख्य गोष्ट. घाडी की डॉक्टर असं भांडण घरात लावूच नका. तुम्ही जर म्हणालात की हे सगळं थोतांड आहे, चला दवाखान्यात, तर ते माणूस घाड्याकडे जाणारच, फक्त तुम्हाला न सांगता जाईल. देवाचं देवाकडे चालू दे आणि त्याच्या जोडीला दवाखाना सुरू कर, हे आमच्याकडे चाललं, आणि मी ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे पण हेच चाललं.

लोक तिकडे जातात ते काही अडाणी म्हणून नाही. विचार करून बघा, ओपीडीत पाच मिनिटं मिळाली तर नशीब, आणि घाडी पडवीत बसवून तासभर ऐकतो, आपल्याच बोलीत बोलतो, सगळ्या घराला सोबत बोलावतो, आणि 'तुझ्यात खोट नाही, बाहेरून आलंय' असं सांगतो, त्याने केवढा भार उतरतो. वेड्याचा डॉक्टर हा शिक्का पण लागत नाही. आमच्यात घाडी, भगत, देवाचा कौल, शेजारच्या क्रिस्तांवांकडे रिट्रीट आणि प्रेयर, म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीला तर हिंदू आणि क्रिस्तांव दोन्हीकडचे तेल घेऊन जातात. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. गोव्यात ज्यांनी सहकाऱ्यांसोबत 1996 मध्ये संगाथ ही संस्था सुरू केली ते डॉ. विक्रम पटेल त्याआधी झिंबाब्वेत हरारेला होते, तिथे दवाखान्यात येणारे आणि पारंपरिक वैद्यांकडे जाणारे अशा दोन्ही लोकांचा त्यांनी अभ्यास केला आणि दोन्हीकडे डिप्रेशन, काळजी असलेली माणसं निघाली. तिथल्या शोना भाषेत लोक याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आई पण हेच म्हणायच्या, विचार सरत नाहीत. मला ते वाचून इतकं बरं वाटलं होतं की काय सांगू, इतक्या लांबची माणसं आणि शब्द तोच.

ओळखायचं कसं

आपल्याकडे 'मला उदास वाटतं' असं कोणी म्हणत नाही. अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या, अन्न गोड लागत नाही, बायका पांढरं जातं म्हणतात, जास्तीत जास्त 'टेन्शन' म्हणतात. म्हणून शरीराच्या तक्रारी ऐकून घ्या आणि मग हळूच दोन गोष्टी विचारा, गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खाली खाली वाटतं का, आणि आधी जे आवडायचं त्यात मन लागतं का. यातलं एक जरी हो असेल आणि सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार यातलं बरंच काही असेल तर डॉक्टरला दाखवायची वेळ आली. डॉक्टरांकडे यासाठी नऊ प्रश्नांचा एक कागद असतो, पीएचक्यू-9 म्हणतात, एकेका प्रश्नाला 0 ते 3 मार्क, एकूण 27, साधारण 10 किंवा त्याच्या वर गेलं की नीट तपासायचं असं बघतात. तो कागद घरी भरून निदान करत बसू नका, पण काय विचारणार ते माहीत असलेलं बरं.

एक मात्र गल्लत करू नका. देवळात, पालखीत, जत्रेत कोणाला अवसर येतो, भार येतो, आणि तो विधी संपला की ते माणूस परत आपलं घरकाम करतं, त्याला आजार म्हणायचं काही कारण नाही. पण कधीही, कुठेही, नको असताना अंगात येतंय, नंतर दिवसभर निपचित, किंवा कोणी नसताना आवाज ऐकू येतात, चार चार रात्री झोपच नाही तरी थकवा नाही आणि मोठमोठ्या गोष्टी चालल्यात, तर ते साध्या डिप्रेशनच्या पुढचं असू शकतं, तिथे वाट न बघता सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे.

बोलायचं कसं

आईंना मी 'डिप्रेशन' शब्द पहिले दोन महिने वापरलाच नाही. म्हटलं, आई, सोमवारी घाड्याकडे जायचंच आहे, जाताना हेल्थ सेंटरला रक्त देऊन जाऊ, इतका थकवा आहे तर रक्त कमी असेल. यात फसवणूक काही नव्हती हं, थायरॉइड कमी असलं, हिमोग्लोबिन कमी असलं, बी-12 कमी असलं तरी माणूस असंच गळून जातं, ते बघायलाच लागतं. आईंचं हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं. पण त्या निमित्ताने डॉक्टरसमोर बसल्या, डॉक्टर बाईंनी झोपेचं विचारलं आणि आई ढसाढसा रडल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

दुसरं, देवाला प्रश्न काय घालता ते फार महत्त्वाचं. देवाच्या अंगावर पाकळ्या लावून प्रसाद घेतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात 'दवाखान्यात नेऊ का' असा प्रश्न घातला, डावी पडली, आणि ते माणूस सहा महिने तसंच घरात पडून राहिलं, कारण देव नाही म्हणाला तर कोणाची टाप आहे न्यायची. असा प्रश्न कधीच घालू नका. दवाखान्यात जायचं हे आपण ठरवायचं आणि देवाकडे मागायचं ते 'डॉक्टरच्या हाताला यश दे' एवढंच, त्याला पाकळी लागत नाही, हात जोडले की झालं.

तिसरं म्हणजे घाड्याशी स्वतः बोला. पहिल्याला सोडून आम्ही गावातल्याच एका म्हाताऱ्या घाडीकाकांकडे गेलो तेव्हा मी आधीच विचारलं, डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, तुम्हाला चालेल ना. ते म्हणाले, बाये, गोळ्या कशाला बंद करायच्या. मग मी धीर करून म्हटलं, गाऱ्हाण्यात औषधाचं पण घ्या. आणि त्यांनी घेतलं, नारळ हातात धरून, बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या वखदाक गूण येऊं दी, आणि आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणालो. त्या दिवसापासून आईंनी एकही गोळी चुकवली नाही. डॉक्टरच्या दहा सांगण्यांनी झालं नसतं ते त्या एका गाऱ्हाण्याने झालं.

पण जिथे थांबायचं तिथे थांबायचंच. घाडी, भगत, बाबा, प्रेयरवाला, कोणीही असो, डॉक्टरचं औषध बंद करा म्हणाला, मिरचीची धुरी, मार, चटके, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं, बाईला एकटीला आत घेणं, दर वाराला रक्कम वाढवत नेणं, काय आहे ते न सांगता पूड किंवा काढा पाजणं, यातलं एक जरी दिसलं तर उठून यायचं, दुसऱ्या दिवशीची वाट बघायची नाही. तामिळनाडूत एर्वाडीला 6 ऑगस्ट 2001 ला दर्ग्याजवळच्या एका आसऱ्यात आग लागली, आजारी माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आलं नाही, 28 जण गेले. त्यांना तिथे आणणारे घरचेच होते, बरं व्हावं म्हणूनच आणलं होतं. आणि याच्या उलट गुजरातमध्ये उनाव्याला मीरा दातार दर्ग्यावर 2008 पासून दवा आणि दुआ असं एकत्र चालवलं, दर्ग्यातले मुजावरच लोकांना सांगायचे की डॉक्टरला पण दाखवा. म्हणजे जमतं, जमवायची इच्छा पाहिजे.

एक विचार मला बरेच दिवस छळायचा. घाड्याकडे जाऊन आलं की आईंना आठ दहा दिवस खरंच बरं वाटायचं, मग परत खाली. आता कळतं की हा आजारच वर खाली होत राहतो, आणि आपण अगदी खाली असतानाच धावतो, त्यामुळे थोडं वर येतंच. त्यात आशा, चार माणसं सोबत, घराबाहेर पडणं, याचाही फरक पडतो, तो खोटा नसतो. फक्त टिकत नाही. टिकत नाही तेव्हा 'वार पूर्ण केले नाहीत' म्हणून परत दोष आजारी माणसावरच येतो, आणि ते माणूस आधीच स्वतःला दोष देत बसलेलं असतं.

कुठे जायचं, तर पहिलं आपलं जवळचं हेल्थ सेंटर. तिथून पुढे म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा हॉस्पिटल, मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते ते फोन करून विचारा, नाहीतर खेप फुकट जाते. आणि बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, पूर्वी पणजीत आल्तिनोवर होतं ते. बांबोळी म्हटलं की अजून लोक दचकतात, पण तिथे ओपीडीत बसलेली माणसं आपल्यासारखीच असतात, कॉलेजची पोरं, शिक्षिका, ट्रक ड्रायव्हर, हातात फाइल घेऊन नंबरची वाट बघणारी. कुठेच जाता येत नसेल तर 14416, टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. पहिला फोन आजारी माणसाने करायला पाहिजे असं काही नाही, तुम्ही करा. डॉक्टरकडे जाताना कधीपासून, झोप किती, जेवण किती, कोणत्या गोळ्या, घाड्याने काय खायला दिलं का, हे सगळं कागदावर लिहून न्या. घाड्याकडचं लपवू नका, काही जडीबुटी आणि गोळ्या एकत्र गेल्या तर त्रास होतो, डॉक्टरला माहीत पाहिजे.

गोळ्या मिळाल्या तर हे माहीत ठेवा, त्या पॅरासिटामॉलसारख्या तासाभरात लागत नाहीत. दोन ते चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, थोडी बेचैनी, असं होतं, आणि नेमकं तेव्हाच घरातले म्हणतात बघ गोळीने आणखी बिघडली, आणि बंद करतात. आमच्या घरात पण म्हणाले. बंद करू नका, डॉक्टरला फोन करा. वयाने लहान असेल, पंचविशीच्या आतलं, तर सुरुवातीचे काही आठवडे जास्त लक्ष ठेवा, मरणाचे विचार वाढतात का बघा. डिप्रेशनच्या गोळ्यांची चटक लागत नाही, चटक लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची, त्या मेडिकलवाल्याकडून स्वतःहून आणून देऊ नका. बरं वाटल्यावर सुद्धा निदान सहा महिने घ्यायच्या असतात आणि बंद करताना हळूहळू, डॉक्टर सांगेल तशा.

गोळ्यांशिवाय बोलण्याचा उपचार पण आहे आणि त्यात गोव्याचं मोठं काम आहे, आपल्याला अभिमान वाटावा असं. संगाथने इथल्याच हेल्थ सेंटरांमध्ये साध्या, गावातल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं, त्यांनी डिप्रेशनच्या लोकांना सहा ते आठ भेटी दिल्या, आणि ज्यांना या भेटी मिळाल्या ते जास्त बरे झाले. 2017 मध्ये हे लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात आलं. त्यातलं मूळ अगदी साधं आहे, मन लागेल तेव्हा करीन असं म्हणून बसायचं नाही, आधी छोटं काहीतरी करायचं, मन मागून येतं. हे घरी सुद्धा सुरू करता येतं आणि इथे देवधर्म उपयोगी पडतो. आईंना आम्ही आधी फक्त तुळशीपर्यंत नेलं, तांब्याभर पाणी घालायचं, बस. आठवड्याने सातेरीच्या देवळापर्यंत चालत. मग गुरुवारच्या भजनाला, गायचं नाही, टाळ घेऊन बसायचं फक्त. पौषात धालो, म्हणजे बायकांची रात्रीची गाणी आणि नाच, आले तेव्हा मांडावर नुसत्या बघायला बसल्या होत्या, तिसऱ्या रात्री शेजारणीने हात धरून ओळीत ओढलं आणि दोन पावलं पुढे दोन मागे करता करता आई पूर्ण धालो म्हणाल्या. मी अंधारात उभी राहून रडले. हे सगळं गोळ्या चालू असताना, हे पण सांगते.

बाळंतिणीकडे वेगळं लक्ष द्या. बाळंतीण रडते, बाळाला घेत नाही, झोपत नाही, की लगेच बाहेरची बाधा म्हणतात, दृष्ट काढतात, कोंडून ठेवतात. गोव्यातच एका जिल्हा हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास 2002 मध्ये छापून आला, त्यात सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बायकांना डिप्रेशन निघालं, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली तिथे धोका आणखी. म्हणजे चौघींत जवळपास एक. दृष्ट काढायची तर काढा, पाच मिनिटांचं काम, पण बाळाला डोस द्यायला हेल्थ सेंटरला जाल तेव्हा आईचं पण सांगा.

आणि पुरुषांचं तर कळतच नाही. भावोजी रडले नाहीत, रोज संध्याकाळी बारमध्ये जायला लागले, आम्ही म्हणालो पितो, वाया गेला, देवचाराला, म्हणजे गावाच्या राखणदाराला, रोट आणि सोरो (दारू) देऊन आलो. आत काय चाललं होतं ते कोणी विचारलंच नाही. दारूमागे डिप्रेशन असतं, डिप्रेशनमागे दारू असते, दोन्ही डॉक्टरला सांगायचं.

मरणाचं बोलणं निघालं तर घाबरून विषय बदलू नका. 'जगावंसं वाटत नाही का, जीव द्यायचं मनात येतं का' असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून हलकं होतं. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, काजूला, भाताला मारायची औषधं, गोळ्यांचा साठा सगळं कुलपात, आणि त्याच दिवशी हॉस्पिटल, 108 ला फोन. त्या दिवशी घाडी नाही, कौल नाही. पोलीस केस होईल म्हणून लपवतात, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न केलेल्या माणसावर प्रचंड ताण होता असंच धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत, उपचार देणं सरकारचं काम आहे.

शेवटचं, तुमच्याकडे चांगला घाडी असेल तर त्यालाच हे सगळं सांगा. हेल्थ सेंटरच्या आधी लोक त्याच्या पडवीत येतात. आमच्या घाडीकाकांच्या पडवीत भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्यावर मी मार्करने मोठ्या आकड्यात 14416 लिहून आले. परवा गेले तर एक बाई आपल्या कॉलेजच्या पोराला घेऊन बसलेली, काकांनी नारळ बाजूला ठेवला, कॅलेंडरकडे बोट केलं आणि मला म्हणाले, हिच्या मोबायलार तो नंबर घाल गो.